एएसओ नॉर्मल आला, आता इंजेक्शन थांबवायचं का?

या वेळचं पत्र इंदूरच्या राजेंद्रनगरातून आलं आहे. थोडं आटोपतं घेऊन देत आहोत.

'माझा मुलगा बारा वर्षांचा, वजन ३४ किलो. गेल्या वर्षी श्रावणात त्याचा घसा धरला आणि चार दिवसांत बराही झाला. तीनेक आठवड्यांनी ताप आला, उजवा गुडघा सुजला. तो उतरतोय तोवर डावा घोटा. ॲडमिट केलं, इको झाला, रुमॅटिक फीवर निघाला. मायट्रल झडपेला माइल्ड गळती आहे असं सांगितलं. तेव्हापासून चौदा महिने दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू आहे. आता पोरगा ठणठणीत आहे, क्रिकेट खेळतो. एएसओ ६०० होता, तो १८० वर आला. सासूबाई आणि भावजी म्हणतात, आता पुरे, एवढ्या औषधानं किडनी जाईल. मुलगा आदल्या रात्रीपासून रडतो. दोनदा सुई अर्ध्यात अडकली. एकदा औषधच मिळालं नाही, नऊ दिवस उशीर झाला. बंद करू का? धाकटी आठ वर्षांची आहे, तिचा घसा सारखा दुखतो. तिलाही हे होईल का? घरात दही आणि गार पाणी मी बंदच केलं आहे. — एक आई'

ताई, इंजेक्शन बंद करू नका. पुढची तारीख असेल त्या दिवशी ते घ्याच. सगळा गोंधळ एएसओच्या रिपोर्टमुळे झाला आहे, म्हणून आधी त्याचं बघू.

एएसओ ही हृदयाची तपासणी नाही. घशात स्ट्रेप्टोकोकस जातीचा जंतू येऊन गेला की शरीर त्याच्या एका विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यांची मोजणी म्हणजे एएसओ. संसर्गानंतर तीन ते पाच आठवड्यांत हा आकडा सर्वांत वर जातो आणि पुढच्या काही महिन्यांत आपोआप उतरतो. तुमच्या मुलाचा १८० वर आला, याचा अर्थ अलीकडे त्याला नवा संसर्ग झालेला नाही. तो झाला नाही, कारण गेले चौदा महिने तुम्ही इंजेक्शन चुकू दिलं नाही. झडप कशी आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते इकोवरच, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरच कळतं. याच्या उलट चूकही आपल्याकडे सर्रास होते: मुलाचे पाय दुखतात, कुणीतरी एएसओ करायला सांगतं, तो ४०० निघतो आणि इको न करताच वर्षानुवर्षं इंजेक्शनं टोचली जातात. नुसत्या वाढलेल्या एएसओवरून रुमॅटिक फीवरचं निदान होत नाही आणि उतरलेल्या एएसओवरून इंजेक्शन थांबवता येत नाही. तुमच्या मुलाचं निदान मात्र सांध्यांची फिरती सूज, ताप आणि इको या तिन्हींवर झालेलं आहे, म्हणजे पक्कं आहे. इथून पुढे दर वेळी एएसओ करण्यात पैसे घालवू नका.

आता झडपेकडे येऊ. मायट्रल झडप म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधलं दोन पाकळ्यांचं दार. पाकळ्या पातळ असतात आणि बारीक दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. रुमॅटिक फीवरमध्ये जंतू स्वतः हृदयात शिरत नाही. जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं आणि आपल्या झडपेतली प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात. जंतूला मारायला निघालेली प्रतिकारशक्ती त्यामुळे फसते आणि झडपेवरही तुटून पडते. या तापाच्या पहिल्या झटक्यात पाकळ्या सुजतात, नीट मिटत नाहीत आणि रक्त मागे गळतं. तुमच्या मुलाची गाडी आज इथे आहे. इथून पुन्हा झटका आला नाही तर माइल्ड गळती बहुधा कमी होते, बऱ्याच मुलांमध्ये काही वर्षांत ती इकोवर सापडतही नाही. पण दुसरा आणि तिसरा झटका आला की पाकळ्यांच्या कडा जाड होतात, दोऱ्या आखडतात, कोपरे एकमेकांना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटर उघडणारं दार दीड चौरस सेंटिमीटरपर्यंत आवळलं की ती झडप तीव्र अरुंद धरतात. मग मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडायची, नाहीतर छाती उघडून बदलायची. धातूची झडप बसवली तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि त्यांच्या तपासण्या जन्मभर मागे लागतात. आणि झडप बदलली म्हणून पेनिसिलिन सुटत नाहीच, कारण बाकीच्या झडपा आपल्याच असतात.

'घसा दुखला की लगेच औषध देऊ, दर २१ दिवसांनी कशाला,' असंही घरात कुणी म्हणेल. ते इथे चालत नाही. हा संसर्ग कित्येकदा घसा न दुखताच होऊन जातो. शिवाय एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुढच्या संसर्गानंतर तो पुन्हा येण्याचा धोका इतर मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि पहिल्या वेळी हृदयाला धक्का लागला असेल तर पुढच्या वेळीही बहुधा हृदयालाच लागतो. पहिली पाच वर्षं सर्वांत नाजूक. तुमचं यातलं जेमतेम सव्वा वर्ष झालं आहे.

'पोरगा ठणठणीत आहे' याबद्दलही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. युगांडात ८१८ मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. या मुलांना कसलाच त्रास नव्हता, झडपेतला दोष फक्त इकोवर दिसत होता. दोन वर्षांनी पाहिलं तर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार पुढे सरकला होता आणि न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. मूल बाहेरून धडधाकट दिसत असतानाच झडप आतून बिघडत जाते.

किती वर्षं घ्यायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण ते तुम्हाला स्पष्ट माहीत असायला हवं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांचा ढोबळ नियम असा: हृदयाला काहीच झालेलं नसेल तर शेवटच्या झटक्यापासून पाच वर्षं किंवा वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत, यातलं जे लांब पडेल ते. हृदयाला सौम्य इजा असेल तर दहा वर्षं किंवा पंचविसाव्या वर्षापर्यंत. झडपेत कायमचा दोष राहिला तर चाळीसपर्यंत, कधी जन्मभर. म्हणजे तुमच्या मुलाला किमान पंचविसाव्या वर्षापर्यंत. वर्षाला सतरा-अठरा इंजेक्शनं, आत्तापासून धरली तर सव्वादोनशेच्या आसपास. आकडा ऐकून पोटात गोळा येईल हे आम्हाला कळतं. म्हणूनच प्रत्येक इंजेक्शन नीट आणि कमीत कमी दुखवून कसं द्यायचं, याला फार महत्त्व आहे. ते जरा सविस्तर सांगतो.

हे औषध, बेंझाथिन पेनिसिलिन, पाण्यात धड विरघळत नाही. पांढरी पूड खडूच्या पाण्यासारखी तरंगत राहते. याच गुणामुळे ते स्नायूत साठून हळूहळू तीन आठवडे झिरपतं आणि याच गुणामुळे सुई तुंबते. कंपाउंडर बहुतेक वेळा औषध आधी कालवून ठेवतो, मग मुलाला आत बोलावतो, मुलगा रडतो, त्याला समजावण्यात पाच मिनिटं जातात. तेवढ्यात पूड सिरिंजच्या तोंडाशी बसते. क्रम उलटा हवा. मुलगा आधी पालथा झोपलेला, जागा पुसून झालेली, आणि मग औषध कालवायचं. व्हायल चांगली हलवायची, औषध भरून घेतल्यावर सुई बदलायची आणि लगेच द्यायचं. सुईचं बूड बघा. २१ नंबरच्या सुईचं बूड हिरवं असतं, ती हवी, दीड इंच लांबीची. लहान मूल म्हणून दयेपोटी निळ्या बुडाची २३ नंबरची बारीक सुई वापरतात आणि तीच अर्ध्यात अडकते. अडकलीच तर जोर लावून दाबायचं नाही. सुई बाहेर काढून नवी लावायची आणि उरलेलं दुसऱ्या जागी द्यायचं. बरंच औषध सांडलं असेल तर तो डोस पुरा धरायचा की नाही, हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारा.

जागा कुल्ल्याचा वरचा बाहेरचा कोपरा, नाहीतर मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग. एकदा उजवी बाजू, एकदा डावी. सुई टोचल्यावर दट्ट्या किंचित मागे ओढून रक्त येत नाही ना हे बघायलाच हवं, कारण हे औषध शिरेत गेलं तर जिवावर बेतू शकतं. मग संथपणे, मध्ये न थांबता, दोन-तीन मिनिटं घेऊन द्यायचं. दुखतं ते सुईपेक्षा औषधाच्या दाबानं. दहा सेकंदांत ढकललं तर मूल दोन दिवस लंगडतं.

दुखणं कमी करायला आणखी काही गोष्टी आहेत. व्हायल आणि पाणी मुलानं आधी पाच मिनिटं मुठीत धरून बसावं, गार औषध जास्त झोंबतं. स्पिरिट पूर्ण वाळू द्या. टोचण्याआधी त्या जागी अंगठ्यानं दहा सेकंद घट्ट दाबून धरा. डॉक्टर तयार असतील तर कालवायच्या पाण्यात थोडं लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध) मिसळून देतात, त्यानं बराच फरक पडतो. हा निर्णय त्यांचा, पण विचारायला संकोच करू नका. नंतर झोपवून ठेवू नका, थोडं चालू द्या. कोणती बाजू, हे मुलाला ठरवू द्या. कालनिर्णयवरच्या तारखेवर फुलीही त्यालाच मारू द्या.

उपाशीपोटी इंजेक्शन नको. घरून पोहे खाऊन, पाणी पिऊन जा, आडवं झोपूनच घ्या आणि नंतर अर्धा तास तिथेच बसा. दवाखान्यात ॲड्रिनॅलिन, म्हणजे तीव्र रिॲक्शन आली तर लगेच द्यायचं औषध आहे ना, हे एकदा विचारून ठेवा. रिॲक्शनची भीती अनेक डॉक्टरांनाही असते. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत १,७९० रुग्णांच्या ३२,४३० इंजेक्शनांचा हिशोब आहे. त्यात तीव्र रिॲक्शन चार जणांना आली आणि एक रुग्ण दगावला. धोका शून्य नाही, पण फार कमी आहे. अलीकडे असंही लक्षात आलं आहे, की इंजेक्शननंतर झालेले काही मृत्यू ॲलर्जीमुळे नसून आधीच फार खराब झालेल्या हृदयाला भोवळीचा ताण न सोसल्यामुळे झाले असावेत. म्हणून झडप तीव्र खराब असून दम लागणाऱ्या रुग्णांना गोळ्यांवर ठेवण्याचा विचार करावा, असं अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०२२ मध्ये सुचवलं. तुमचा मुलगा त्या गटात येत नाही.

किडनीचं म्हणाल, तर या मात्रेतलं पेनिसिलिन किडनी खराब करत नाही. 'शरीराला सवय होईल, मग औषध लागू पडणार नाही' ही भीतीही या जंतूच्या बाबतीत अजून खरी ठरलेली नाही. गेली ऐंशी वर्षं तो पेनिसिलिनला दाद देत आला आहे.

मात्रा तपासा. २७ किलोच्या वर १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी. ६ लाखांची व्हायल २७ किलोच्या आतल्या मुलांसाठी असते आणि ती साधारण दर १५ दिवसांनी देतात. दुकानदारानं '६ लाखवाली घेऊन जा, एकच आहे' म्हटलं तर घेऊ नका. व्हायलवर 'बेंझाथिन' हा शब्द वाचा. पेनिसिलिनचे दुसरे प्रकारही इंजेक्शनात मिळतात, पण ते काही तासांत, फार तर दिवसाभरात शरीरातून निघून जातात. हे औषध स्वस्त, म्हणून दुकानदार ठेवायला फारसे उत्सुक नसतात. एक इंजेक्शन झालं की त्याच आठवड्यात पुढची व्हायल आणून ठेवायची, म्हणजे हाताशी तीन आठवडे राहतात. राजेंद्रनगरात नसेल तर दवा बाजारात विचारायला वेळ मिळतो. बिल घ्या, मुदत बघा, आणि पाकिटावर लिहिलेल्या तापमानातच ठेवा. मे महिन्यात गॅसच्या वरच्या फळीवर अजिबात नको.

२१ दिवसांचा एक फायदा आहे, वार बदलत नाही. शनिवार धरलात तर कायम शनिवार. लग्नाकार्याला पुण्याला किंवा गणपतीत गावी जायचं असेल तर दोन-तीन दिवस आधी घेऊन निघा आणि तिथून पुढे २१ मोजा. लवकर चालतं, उशीर चालत नाही. चौथ्या आठवड्यात रक्तातलं औषध फार खाली उतरतं, म्हणूनच आपल्याकडे २८ ऐवजी २१ दिवस धरतात. तरीही उशीर झालाच तर 'आता पुढच्या तारखेलाच' असं करू नका. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी घ्या. औषध मिळतच नसेल तर मधल्या दिवसांसाठी डॉक्टर पेनिसिलिन व्हीच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा देतात. ती तात्पुरती सोय. रोज दोन गोळ्या वर्षानुवर्षं न चुकता घेणं कुणालाच जमत नाही, आणि घेतल्या तरी इंजेक्शनाइतकं संरक्षण मिळत नाही. उशीर झालेल्या त्या नऊ दिवसांनंतर सांधे दुखले नसतील, ताप आला नसेल, तर काळजी करू नका.

धाकटीबद्दल. तिला इंजेक्शनांचा कोर्स लागत नाही, लक्ष मात्र लागतं. दही, गार पाणी, पाऊस यांनी हा आजार होत नाही, तेव्हा मुलांचं दही सुरू करा. जंतू एकाच्या घशातून दुसऱ्याच्या घशात जातो, खोकल्या-शिंकेतून आणि जवळ झोपण्यातून. याला उष्ण प्रदेशांतला आजार म्हणतात खरं, पण हवेपेक्षा दोष दाटीचा आहे: एका खोलीत पाच-सहा जण, आणि घसा दुखला तर वेळेवर न मिळणारं औषध. जगात आज साडेपाच कोटींच्या आसपास लोकांना रुमॅटिक हृदयरोग आहे आणि त्यातले बहुतेक आपल्यासारख्या देशांत आहेत. दोघं भावंडं एकाच पांघरुणात झोपत असतील तर अंथरुणं वेगळी करा, खिडकी उघडी ठेवा.

तिच्या घसादुखीसोबत नाक वाहणं, खोकला, आवाज बसणं असेल तर तो संसर्ग बहुधा विषाणूचा. अचानक जोराचा घसा, ताप, गिळताना कळ, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला नाही, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी रुमॅटिक फीवर टळतो, म्हणून थोडा वेळ हातात असतो, पण तो वाया घालवू नका. उपाय दोन: बेंझाथिनचं एकच इंजेक्शन, नाहीतर अमॉक्सिसिलिन पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी घसा मोकळा होतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात पडून राहतात. बहुतेक घरांत घोटाळा इथेच होतो. भावाला हा आजार आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि तिची छाती एकदा नीट तपासून घ्या. आवाज संशयास्पद वाटला तर इको. सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत येणारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम ज्या आजारांसाठी मुलं तपासते, त्यांत रुमॅटिक हृदयरोगही आहे.

मुलाला खेळू द्या. गळती माइल्ड, दम लागत नाही, तर क्रिकेट थांबवायचं कारण नाही. दर इकोनंतर डॉक्टरांना विचारून घ्या. दात किडू देऊ नका. दाताचं काही करायचं झालं तर झडपेचं आणि पेनिसिलिनचं आधी सांगा, कारण त्या वेळी संरक्षणासाठी प्रतिजैविक द्यायचं ठरलं तर ते वेगळ्या गटातलं लागतं. सांधा सुजला, आठवडाभर ताप हटला नाही, जिना चढताना दम लागला, रात्री आडवं पडल्यावर खोकला येऊन उठून बसावं लागलं, तर तारखेची वाट पाहू नका. आणि अक्षर. चांगलं अक्षर अचानक वेडंवाकडं झालं, हातातून वस्तू पडायला लागल्या, चेहरा विनाकारण हलायला लागला, तर मुलाला रागावू नका. ती या आजाराची मेंदूवरची खूण असू शकते आणि घसा बरा झाल्यावर कित्येक महिन्यांनीही दिसू शकते.

इको वर्षातून एकदा, शक्यतो एकाच ठिकाणी, जुना रिपोर्ट सोबत घेऊन. या वेळी सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांना विनंती करून पडदा त्यांच्याकडे वळवायला सांगा. रंगीत डॉपलरवर झडप मिटते त्या क्षणी मागे उसळणारा निळसर झोत दिसतो. तीच गळती. मागच्या वर्षी तो झोत केवढा होता आणि आज केवढा आहे, हे डॉक्टर बोट ठेवून दाखवू शकतील, आणि नातवाचं हृदय त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील.